दादा छावणीतच राहिले

९ एप्रिल, घाटनांदूर. संध्याकाळ.

दादांना घरी आणायला आज मी दूध सोसायटीच्या चारा छावणीवर गेले होते. आई गेल्यापासून वडील गावात एकटेच. दुष्काळ पडला तसे दोन बैल घेऊन छावणीतच राहतात. शुगरमुळे पायाची जखम भरत नाही, म्हणून मीच हट्टाने निघाले. बघते तर पायाला स्वच्छ पट्टी! शेजारच्या दावणीचे एक बाबा रोज बांधतात म्हणे. गोळ्याही वेळेवर देतात. मला बरं वाटायला हवं होतं. का नाही वाटलं?

"घरी चला दादा. मी करीन सगळं."

"तू शाळंत शिकवाया गेलीस की मी भिताडाशी बोलू का? हितं लई माणसं हायेत, बाई."

मग मी ती पट्टी सोडून पुन्हा बांधली. गरज नव्हती. जखम खरंच सुकत आलीय.

निघताना दादा म्हणाले, "तूच ऱ्हा की दोन दिस. एकटीच तर हायेस तिथं."

उद्या शाळा आहे, असं मी म्हणाले आणि एसटी गाठली.

उद्या रविवार आहे. त्यांनाही ठाऊक असणार.