मला बोट लागली नव्हती

६ जानेवारी, सोमवार
नवीन वर्षाचा संकल्प: ऑफिसात यंदा कुणाचीही हांजी हांजी करायची नाही. काम काय ते बोलेल.

उपप्रमुखाची जागा मार्चमध्ये भरणार, असं आज टॉर्क्विल मेल्ड्रम यांनी स्वतः सांगितलं. ते आमच्या गुंतवणूक फंडाचे प्रमुख. आमच्या कंपनीत सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, त्यामुळे लहानमोठं असा भेदच नाही. ते आत आले तेव्हा मी उठून उभा राहिलो, ते पाठ अवघडली होती म्हणून.

जागेसाठी तिघं आहेत. मी, म्हणजे इथे केस पिकवलेला माणूस. शेजारच्या टेबलावरची इशबेल रेनी: हुशार, पण फटकळ. आणि लॅक्लन, ज्याला अजून तिशी गाठायची आहे. तो टॉर्क्विल यांच्याच शाळेतला. एडिनबरात शाळा कुठली हे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात. मी सरकारी शाळेत शिकलो आणि त्याचा मला अभिमान आहे. कुणी विचारलंच तर विषय बदलतो.

१४ जानेवारी
कळलं की दर बुधवारी सकाळी टॉर्क्विल पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहतात. बरोबर लॅक्लन आणि आणखी दोघं. इशबेल म्हणाली, अलीकडे बढती मिळालेला प्रत्येक जण त्या पाण्यातूनच वर आलाय. मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, "हो ना, गार पाण्याने अक्कल वाढत असेल."

इतकं कडू बोलणं बरं नाही. पुढे नडेल तिला.

डॉक्टरांनी मला व्यायाम करायला सांगितलं आहे. (मागे कधीतरी.) उद्यापासून पोहायला जाणार. तब्येतीसाठी.

१५ जानेवारी
गुडघ्यापर्यंत गेलो. पाय आपलेच आहेत का, ते खाली बघून खात्री करावी लागली. परत फिरलो. टॉर्क्विल पाण्यातून म्हणाले, "फर्गस, बाहेर आहेसच तर टॉवेल सांभाळ."

चौघांचे टॉवेल, घड्याळं, शिवाय टॉर्क्विल यांची लग्नाची अंगठी, सगळं माझ्या हातात. माणूस असा विश्वास वाटेल त्याच्यावर टाकत नाही.

घरी बायकोला, ऐल्साला, सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू पोहलाच नाहीस?" तिला ऑफिसातलं काही कळत नाही.

२९ जानेवारी
पाऊस. टॉवेल कोटाच्या आत धरले. सगळे कोरडे राहिले, मी सोडून. टॉर्क्विल यांनी किनाऱ्यावर कुत्रं फिरवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना माझी ओळख करून दिली: "हा आमचा टॉवेलवाला." टोपणनाव पडलं म्हणजे माणूस घरचा झाला.

ताप आहे. मन प्रसन्न आहे.

५ फेब्रुवारी
इशबेलबरोबर शेटलंड बेटांवर गेलो. तिथली एक कंपनी समुद्रात पिंजरे लावून सामन मासे वाढवते. मालक टॉर्क्विल यांचा शाळासोबती. आमच्या फंडाने तिचे बरेच शेअर घेतले आहेत, ते मुख्यतः बस ड्रायव्हरांच्या पेन्शनच्या पैशातून. आता आणखी घ्यायचे का, ते ठरवण्यासाठी आमची पाहणी.

बोट खूप हलत होती. मला काही झालं नाही. उलट बेकन-पाव खाल्ला.

पिंजऱ्यांत मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. थोडे नाही. कामगार टोपल्यांनी उपसत होते आणि उपसून संपत नव्हते. वास कपड्यांत बसला आहे. मॅनेजर म्हणाला, हंगामी आहे. बोटीवरच्या माणसाला इशबेलने हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, उन्हाळा संपल्यापासून आम्ही हेच करतोय."

इशबेलने मला विचारलं, "तूही बघतोयस ना?" म्हटलं, बघतोय. परतताना विमानात ती म्हणाली, "अहवाल मी लिहिते. तू फक्त मीटिंगमध्ये माझ्या बाजूने बोल." मी शब्द दिला. फर्गस डॅल्ग्लिशचा शब्द म्हणजे शब्द.

१२ फेब्रुवारी
किनाऱ्यावर अंग पुसता पुसता टॉर्क्विल म्हणाले, "इशबेलचा अहवाल वाचला. पोरगी जरा घाबरट आहे, नाही का? तू मुरलेला माणूस. उद्या मीटिंगमध्ये तुलाच विचारतो." मग खांद्यावर हात ठेवला. ओला होता. "उपप्रमुखाचं डोकं कसं शांत पाहिजे."

माझी मान हलली, पण ती थंडीने.

१३ फेब्रुवारी
मीटिंग झाली. इशबेल बोलली, मुद्देसूद. मग टॉर्क्विल म्हणाले, "फर्गस, तू होतास तिथे. इतकं वाईट आहे का?"

मी म्हटलं, हवा खराब होती. धुकं होतं. काही मासे मेले होते, पण मासे म्हटले की मरायचेच.

लोक हसले. मीही हसलो. इशबेलने माझ्याकडे पाहिलं, मग कागद गोळा केले. आणखी शेअर घ्यायचं ठरलं.

मी समतोल मत दिलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. धुकं खरोखरच होतं. (विमानतळावर.) एक एक वाक्य सुटं घेतलं तर कुणालाही आक्षेप घेता येणार नाही.

दुपारी जेवलो नाही. काम फार होतं.

१४ फेब्रुवारी
इशबेल रोज अकराला चहा करते, स्वतःचा आणि माझा. आज एकच कप आणला. रागावली नाही, टाकून बोलली नाही. मुद्दाम असं काही नसेल, विसरली असेल. चहाच्या पिशव्या कुठल्या कपाटात असतात ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटली. पाणी प्यायलो.

३ मार्च
लॅक्लन झाला उपप्रमुख.

टॉर्क्विल यांनी मला मुद्दाम खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "तू आमचा पाया आहेस, फर्गस. पाया कुणी वरच्या मजल्यावर नेतं का?" तेव्हा फार पटलं. लिफ्टपर्यंत पटलेलं होतं.

संध्याकाळी लॅक्लनने भाषण केलं, सगळ्यांचे आभार मानले, शेवटी म्हणाला, "आणि फर्गसचे, आम्हाला कोरडं ठेवल्याबद्दल." पुन्हा हशा. इशबेल तेवढी हसली नाही. ती हसली असती तर बरं वाटलं असतं.

ठरलं. पोर्टोबेलोला पुन्हा पाऊल ठेवणार नाही. माणसाला स्वाभिमान असतो.

५ मार्च
पोर्टोबेलोला गेलो. पावसाचा अंदाज होता.

२४ मार्च
शेटलंडच्या पिंजऱ्यांतले जवळजवळ सगळे मासे मेले. सकाळी बातमी आली, दुपारपर्यंत शेअर मातीमोल. बस ड्रायव्हरांच्या युनियनचे फोनवर फोन. चौकशी होणार.

घरी जाताना बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "या साहेब, आज उशीर?" रोजचा माणूस. त्याला काहीच माहीत नाही. मी त्याच्याकडे न बघता बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो.

उद्यापासून ऑफिसला चालत जाणार. तब्येतीसाठी.

२७ मार्च
टॉर्क्विल यांनी लेखी निवेदन दिलं: निर्णय "प्रत्यक्ष पाहणी केलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या मतावर विसंबून" घेतला होता. इतक्या वर्षांत मला ज्येष्ठ असं कुणी म्हटलं नव्हतं. क्षणभर छान वाटलं. ही गोष्ट मी कुणाला सांगणार नाही.

त्यांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, "आता वकील लागलेत, आपण बोलणं बरोबर नाही." फर्गसऐवजी मिस्टर डॅल्ग्लिश म्हणाले.

८ एप्रिल
परवा चौकशी समितीपुढे जायचं आहे. खरं सांगणार. वाक्य तयार आहे: "मी ते मेलेले मासे डोळ्यांनी पाहिले आणि मीटिंगमध्ये खोटं बोललो." आरशासमोर म्हणून पाहिलं. ऐल्साने बाहेरून विचारलं, कुणाशी बोलतोयस. म्हटलं, दाढी करतोय.

खोटं बोललो. इथे लिहायलाही आज पहिल्यांदाच जमलं. त्या दिवशी अकरा वाजता पाणी पीत बसलो होतो ते टेबल डोळ्यांपुढून जात नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. निदान इशबेलसमोर तरी ताठ उभा राहीन.

१० एप्रिल
लंडनहून तिघं आले होते. अध्यक्ष एक वयस्क बाई, आवाज शांत. इशबेल आणि मी, दोघांना एकदमच बोलावलं. इशबेलने राजीनामा दिला आहे, सोमवारपासून ग्लासगोला नवीन नोकरी. मला हे तिथेच कळलं.

बाईंनी विचारलं, मिस्टर डॅल्ग्लिश यांनी त्या दिवशी नेमकं काय पाहिलं?

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं.

इशबेल म्हणाली, "त्याने काही पाहिलं नाही. त्याला बोट लागली होती. सगळा वेळ खाली केबिनमध्ये आडवा होता."

बाई माझ्याकडे वळल्या. "असं झालं होतं का?"

मी म्हटलं, हो.

एवढ्यावर थांबता आलं असतं. मी म्हटलं, फारच. मग म्हटलं, लहानपणापासूनच आहे.

बाईंनी कीव आल्यासारखं पाहिलं. अशा माणसाला बोटीवर पाठवलंच कुणी, आणि त्याच्या शब्दावर निर्णय घेतलाच कसा, असं शेजारच्यांना म्हणाल्या. ठपका टॉर्क्विल यांच्यावर येणार. माझी नोकरी राहिली. इथून पुढे माझं मत कुणी विचारणार नाही.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मी म्हटलं, मी खरं सांगणार होतो.

ती म्हणाली, "माहीत आहे. तोंड उघडलं होतंस ना."

मग तू असं का केलंस?

"तू कबुली दिली असतीस तर चौकशी उन्हाळाभर लांबली असती. दर वेळी ग्लासगोहून येऊन तुझ्यासमोर बसावं लागलं असतं मला." तिने कोटाची बटणं लावली. "तुझ्यावर उपकार नाही केले, फर्गस. मला तुझ्यापायी आणखी वेळ घालवायचा नव्हता."

मी म्हटलं, इशबेल, मला तुझी— तेवढ्यात दार उघडलं आणि ती गेली. बाहेर लॅक्लन उभा होता. तो म्हणाला, काय म्हणत होतास? म्हटलं, काही नाही.

घरी ऐल्सा दारातच उभी होती. म्हटलं, सुटलो, माझ्यावर काही ठपका नाही. तिला रडू आलं. म्हणाली, "मला माहीतच होतं. तुझ्याइतका सरळ माणूस त्यांना शोधून सापडणार नाही."

मी म्हटलं, हो.