दुसरा फोन

प्रिय कुलदीप,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. आमच्या कामोठ्याच्या सोसायटीने गच्चीवरच्या माझ्या कयाकला ‘अनधिकृत बांधकाम’ ठरवून तिसरी नोटीस दिली आहे. वीस किलोची प्लास्टिकची होडी, आणि म्हणे बांधकाम! मी उत्तर संस्कृतात पाठवलं. सेक्रेटरी शर्मिलाबाईंनी ते वकिलाला दाखवलं म्हणतात. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, इतकं मन लावून कोणी वाचलं नव्हतं.

बाकी ठीक. जेवतो, झोपतो. आपला होडीतला सोबती सयाजी गेला त्याला या श्रावणात वर्ष होईल. रडू येत नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आहे. हात लावला की कळतं, आपलाच आहे.

तू पुण्याला गेलास तरी नदीवर जायच्या दिवसाची आपली पद्धत मी मोडली नव्हती. पालीच्या पुढे पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, आणि ती वाचून सांगणाऱ्या टपरीवरच्या सुनयनावहिनी. सकाळी सहाला एक फोन, साडेसहाला दुसरा. पहिल्याने पाणी किती ते कळायचं, दुसऱ्याने चढतंय की उतरतंय ते. दुसरा फोन आला नाही तर बेत रद्द, असं वहिनी समजायच्या. “दोनदा काय विचारतोस, वहिनींवर भरवसा नाय का?” असं तू मला चिडवायचास, आणि त्या तिकडून ओरडायच्या, “मास्तर, पट्टी तीच हाय, पानी तेच नाय!”

सयाजी गेला त्या रविवारी सहाला त्यांनी दीड मीटर सांगितलं. खळाळात होडी घालायला याहून छान पाणी नाही. साडेसहाला वडखळला पुढ्यात गरम पोहे आले. सयाजी म्हणाला, “मास्तर, दुसरा फोन?” मी म्हटलं, “दीड म्हणजे दीड. खा गुमान.” पुलाच्या बरंच खाली आम्ही पाण्यात उतरलो, आणि वरचा लोंढा मागून आला. सयाजीची होडी उलटली. पुढचं तुला ठाऊक आहे. हे पोह्यांचं मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. साडेसहाला पट्टीवर दोन मीटर वीस होतं. वहिनी फोन हातात धरून बसल्या होत्या. वाजला नाही, म्हणून त्यांना हायसं वाटलं.

आता आमची अक्षता ऑफिसच्या मित्रमंडळींबरोबर येत्या रविवारी त्याच नदीवर निघाली आहे. “बाबा, वहिनींना फोन तुम्हीच करा. तुम्ही जा म्हणालात की मला टेन्शन नाही.” काल मी सहज फोन लावून पाहिला. “दोन साठ, आनि चढतंय,” वहिनी म्हणाल्या. असा आकडा ऐकला की पूर्वी माझ्या तळहाताला घाम यायचा. काल मी तो वहीत लिहिला आणि चहा प्यालो.

म्हणून हे पत्र. रविवारी दोन्ही फोन तू कर, आणि जायचं की नाही ते पोरीला तूच सांग. मला आता पाण्याची भीती वाटत नाही, कुलदीप. मी तिला जा म्हणेन.

तुझाच,
चंद्रशेखर