जड डब्यातला पिवळा

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार, दुपार

प्रिय नुजहत,

खूप खूप दुवा. पाकीट बघूनच तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते, इथे सगळे हिंडते-फिरते आहेत. अब्बांचं बीपी जागेवर आहे. काशिफ रोज सकाळी दूध आणतो आणि वाटेत भेटेल त्याला आपण मामू होणार असल्याचं सांगतो, त्यामुळे अर्ध्या शाहूपुरीला तुझा कितवा महिना चाललाय ते पाठ झालंय. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की अब्बा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतात. मोबाईलवर लिहायला गेले तर बोट भलत्याच अक्षरावर पडतं. तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या बाईला आपला कागदच बरा. आत्ता अब्बा नमाजला गेलेत, काशिफ झोपलाय, तेवढ्यात लिहून काढते.

तुला सातव्यात आणायचं ठरलं त्या दिवसापासून अब्बांच्या अंगात वारं संचारलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, मग माहेर कसं लखलखीत पाहिजे. न्हाणीघरासाठी सयाजी गवंडी ठरला. पुढची खोली तुझी आणि बाळाची. तिचा जुना रंग खरवडायचा, भेगा-खड्ड्यांत लांबी भरून भिंत सपाट करायची, नवा रंग द्यायचा, आणि हे सगळं अब्बा स्वतः करणार. सत्तरीचा माणूस शिडीवर चढणार म्हणून मी कटकट केली, पण रंगाचं काम दुसऱ्याला देणं म्हणजे त्यांच्या लेखी आचाऱ्यानं घरी खानावळीचा डबा मागवण्यासारखं. एके सकाळी काचपेपर आणि पट्टी घेऊन ते खिडकीपाशी बसलेच. तीच खिडकी, पिवळ्या गजांची. हातभर जागा खरवडून झाली असेल, तोवर शेजारच्या गणपतरावांची स्नेहल खिरीची वाटी परत द्यायला आली. ती आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. दारातच थबकली आणि म्हणाली, दिलदारचाचा, हात थांबवा, आधी हा रंग तपासून घेऊ.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. पूर्वीच्या तैलरंगांत शिसं घालायचे, पिवळ्यात आणि शेंदरी रंगात तर भरपूर. शिशाचा रंग चवीलाही गोडसर. भिंतीवर गप्प बसलेला रंग त्यामानाने बरा, पण खरवडला की त्याची धूळ घरभर होते, ती श्वासात जाते, बोटांना लागते. मोठ्यांना त्रास होतोच, पण लहान बाळाच्या मेंदूला फार. अब्बा हसले. म्हणाले, चाळीस वर्षं हाच रंग खाल्लाय मी, मला काय झालंय व्हय? सयाजी तर म्हणाला, वहिनी, असलं तपासत बसलो तर कोल्हापुरातलं एक घर उभं ऱ्हायचं न्हाई. पण स्नेहल हट्टाची. तिनं खिडकीचे, दाराचे आणि भिंतीचे पापुद्रे वेगवेगळ्या पिशव्यांत घातले, मागच्या पडवीवरच्या सिमेंटच्या पत्र्याचा पडलेला तुकडा ओला करून चौथ्या पिशवीत घातला, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं.

मग दहा दिवस माझा जीव टांगणीला. सांडलेली धूळ मी ओल्या फडक्यानं टिपली, फडकं फेकून दिलं, पुन्हा पुसलं. झाडू मारायचा नाही असं स्नेहलनं बजावलं होतं. काशिफची गादी मधल्या खोलीत हलवली तर तो रुसला, त्याला खिडकीच लागते. अब्बा माझ्यावर चिडून अंगणात बसायचे. त्यांचं चिडणं मला कळत होतं. शाहूपुरीतल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पाट्यांचा उरलेला उत्तम रंग ते घरी आणायचे आणि दारं-खिडक्यांना लावायचे. आपल्या घराला गल्लीत रंगपेटी म्हणत, आठवतं ना? रंग घेताना ते नाव वाचत नसत, डबा हातात तोलून बघत. डबा जड तितका रंग अस्सल, असं शिकाऊ पोरांनाही सांगायचे. हलका डबा ते दुकानदाराच्या तोंडावर परत करत. दहा दिवस मी याच वाक्याभोवती घिरट्या घालत होते. जड कशानं असायचा गं तो डबा?

आता एक जुनं सांगते. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. काशिफ पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि मी विळीवर बसून दोडके चिरले. घरात कुणी नव्हतं, शाळेतून दमून आले होते, विसरले. काशिफ झाला तेव्हा छान गुटगुटीत होता, वर्षाचा होईतो सगळं वेळेवर. त्यानंतर हळूहळू मागं पडला. बोलणं थांबलं, फिट यायला लागल्या, शाळेत अक्षर डोक्यात शिरेना. डॉक्टर म्हणाले, असतं एखादं मूल असं. दादीअम्मा म्हणाल्या, विळीमुळं झालं. मी शिकलेली बाई, विज्ञान शिकवणारी, तरी मी ते खरं मानलं, नुजहत. छत्तीस वर्षं मानलं. अब्बांनी मात्र एकदाही मला बोल लावला नाही. दादीअम्मांसमोर उभे राहून ते एवढंच म्हणाले होते, ग्रहणाबिरहणानं काय होत न्हाई. पोरगं आपलं हाय, आन् आपलंच ऱ्हाणार. आणि त्याला सायकलच्या दांडीवर बसवून पाट्या रंगवायला घेऊन गेले.

तू होणार होतीस तेव्हा मी धास्तावून हातकणंगल्याला माहेरी गेले आणि तुला तीन वर्षं नानीजवळ ठेवलं. काशिफ अब्बा-अम्मीजवळ आणि मी तेवढी परकी, असं तू दहावीत असताना भांडून म्हणाली होतीस. तुला माझ्या सावलीपासून लांब ठेवलं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?

शुक्रवारी स्नेहल कागद घेऊन आली. अब्बा बाजारात होते. शिसं चालतं ते दहा लाखांत नव्वद भागांपर्यंत, असं एका बाजूला लिहिलेलं. भिंतीचा आकडा त्याच्या थोडा वर. खिडकीच्या पिवळ्याचा आकडा पाच अंकी. शून्य चुकून जास्त पडलं असेल म्हणून मी दोनदा तपासलं, जुनी खोड. पत्र्यात ॲस्बेस्टॉस निघालं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. तो फोडायचा नाही, भोकं पाडायची नाहीत, काढायचाच तर जाणत्या माणसाकडून, असं ती म्हणाली. मी पत्र्याचं ऐकत नव्हतेच. मला काशिफ दिसत होता, दात येत होते तेव्हाचा. गजांना धरून उभा राहायचा आणि गज चावत बसायचा. ओठांना पिवळं लागायचं. आम्ही हसायचो, बापाचा धंदा आत्तापासून शिकतोय म्हणायचो. मी स्नेहलला विचारलं, काशिफचं यानंच झालं का? तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, चाची, आता ते ठरवता येणार नाही. त्यामुळेच झालं असेल, नसेलही. पण तिला माझ्याकडं बघवत नव्हतं.

आणि आता जे लिहिते ते फाडून टाक. तो कागद वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? मी सुटले. विळी सुटली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेतला मी. तो श्वास आत जाईतो फाटक वाजलं आणि अब्बा आले, हातात तू येणार म्हणून आणलेलं पपनस, आणि कागद आला का म्हणून विचारायला लागले. मी कागद तांदळाच्या डब्यात खुपसला आणि नाही म्हणाले.

पण चोरी लपते थोडीच. परवा संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर अब्बा खिडकीखाली जमिनीवर बसलेले, शेजारी काशिफ. अब्बा गजाच्या खालच्या टोकाला, जिथं दातांच्या खुणा अजून आहेत, तिथं बोट फिरवत होते. त्यांनी त्याला विचारलं, ल्हानपणी हे का चावायचास रे? तो हसला. म्हणाला, गोड लागायचं की. अब्बांनी मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकानं पाटीतली चूक दाखवावी. तेव्हापासून ते जेवायला बसतात आणि ताटावरून उठतात. काल सगळे ब्रश धुऊन, पुसून, गोणीत बांधून माळ्यावर टाकले. मला काही विचारलं नाही. तांदळाचा डबा मात्र ओट्यावर दुसऱ्या जागी होता.

तर आता तुझ्याकडून तीन गोष्टी हव्यात. एक, उद्याच डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घे. तूही चौथ्या वर्षापासून या घरात वाढलीस, आणि हाडांत मुरलेलं शिसं गरोदरपणी बाळाकडं जाऊ शकतं म्हणे. स्नेहल म्हणते बहुतेक काही निघणार नाही, पण मला बहुतेक नको आहे. दोन, तू इथे यायचं नाहीस. ऐकलंस ना, यायचं नाहीस. हातकणंगल्याला मामूंची वरची खोली रिकामी आहे, घर नवं आहे, मी तिथं तुझ्याआधी येऊन राहीन. माझ्या पोरीला मी दुसऱ्यांदा या घरापासून लांब ठेवते आहे. या वेळी कारण तरी ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट मागायला खरं तर हे पत्र. दादीअम्मांसमोर अब्बांनी माझ्यासाठी जे म्हटलं, ते आज त्यांना कुणीतरी म्हणायला हवं. पहिला अर्धा भाग, रंगाबिंगानं काय होत न्हाई, असा म्हणता येत नाही, खोटा होईल. दुसरा म्हणता येईल, पोरगं आपलं हाय, आन् आपलंच ऱ्हाणार. मी रोज त्यांच्यासमोर जाते आणि परत येते. माझ्या तोंडून ते सुटलेल्या माणसानं अडकलेल्याला म्हटल्यासारखं वाटेल, आणि ते मला ओळखतात. म्हणून तू म्हण. त्यांच्या फोनवर फोन कर, माझ्या नाही. रडू नकोस. हातकणंगल्याची खोली तुम्हीच रंगवायची, दुसऱ्याचा हात मला चालणार नाही, असं सांग. खिडकीला ते पांढरा म्हणतील. तू पिवळाच माग. हल्ली शिसं नसल्याचं डब्यावर लिहिलेलं असतं, ते त्यांना फोनवर मोठ्यानं वाचायला लाव. डबा त्यांना हलका लागेल. लागू दे.

तुझ्या वाटेकडं नाही, हातकणंगल्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच
अम्मी