कुऱ्हाडीला मलम

नॉर्विच, ३ नोव्हेंबर १६४१
भट्टीसाठी लाकडं फोडताना कुऱ्हाड डाव्या पायावर बसली. घाबरलो नाही. ओरडलो ते फक्त डॉर्कसला कळावं म्हणून. बायको आहे, तिला कळायला हवं.

क्लेग न्हावी करवत घेऊनच आला. आमच्याकडे दाढी आणि तंगडी एकच माणूस उतरवतो. म्हणाला, काळं पडलं तर घोट्यापासून कापू. मी वैद्य, किमयागार, लॅटिन जाणणारा. हाकलला. दाराला कडी लावली. दोनदा तपासली.

४ नोव्हेंबर
जखमेवर औषध थापणं अडाण्यांचं काम. औषध हत्याराला लावायचं, गुण आपोआप पायात उतरतो. मलम सिद्ध: अस्वलाची चरबी, मेलेल्याच्या कवटीवरचं शेवाळ. जखमेला नुसतं पाणी अन् फडकं.

संकल्प: कुऱ्हाडीला रोज मलम, ऊब आणि विश्रांती. पिसांच्या उशीवर निजवली. डॉर्कस म्हणाली, मग मी कुठे निजू? स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटत.

९ नोव्हेंबर
पाय ठणकतो. काळा पडला असेल का? बघणार होतो, पण वाचन फार साचलंय.

१९ नोव्हेंबर, दुपार
उशी रिकामी! डॉर्कसनं कुऱ्हाड शेजारच्या टॉबिटला दिली. म्हणते, अहो, चुलीत काय तुमचं लॅटिन घालू? अरे देवा! तो सकाळपासून ओकचं लाकूड फोडतोय! एकेक घाव मला पायात जाणवला. कळल्यावर जास्तच. मृत्युपत्र लिहायला घेतलं, ते अर्धंच टाकून उठलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
धावत गेलो. टॉबिटची बायको त्याच कुऱ्हाडीनं हंसाची मान उडवत होती. मी आडवा.

डोळे उघडले तर क्लेग माझा पाय मांडीवर घेऊन बसलेला. पुन्हा मिटले. तो म्हणाला, वैद्यबुवा, जखम भरली की! गल्लीभर पळालात, आणि आता कण्हताय कशाला?

२० नोव्हेंबर
मलमाचा विजय! कुऱ्हाडीचे एवढे हाल होऊनही गुण आला, म्हणजे मला वाटलं त्याहून जालीम आहे. राजाला कळवायचं. आधी खानावळीत जाहीर केलं.

क्लेग म्हणाला, मग उद्या भर बाजारात उजव्या पायावर घाव घालू, मलम आहेच. टाळ्या पडल्या. मी हो म्हणालो. का म्हणालो?

२१ नोव्हेंबर, सकाळ
चंद्र वृश्चिकेत. आजचा दिवस प्रयोगाला वर्ज्य, असं कळवलं. क्लेगचा उलट निरोप आला, चंद्राचं तुम्ही बघा, पायाचं आम्ही बघतो. खिडकीतून बाजार दिसतो. पाय ठेवायला ओंडका मांडलाय. पाद्रीसुद्धा पुढे जागा धरून बसलाय. डॉर्कस म्हणते, अहो चला, लोक खोळंबलेत. म्हटलं, तू हो पुढे, मी मागच्या दारानं येतो.

यार्मथ, २३ नोव्हेंबर
बहिणीकडे आहे. मॉडनं विचारलं, दादा, पळून आलास? म्हटलं, छे! उजव्या पायाला हवापालट हवी होती.

दार वाजलं. बाकीचं पलंगाखाली लिहितोय. दूधवाली होती म्हणे. जरा थांबून बाहेर येईन.