राहीला कुणाकडे ठेवायचं

सोमवार, ४ मार्च १९८५

यमुनाबाई स्वतः घरी आल्या! महिला गृहउद्योग संस्थेच्या चेअरमन, आणि आमच्या खाटेवर बसून चहा प्यायल्या. संस्थेचा जमाखर्च लिहिणारी मुलगी लग्न होऊन चालली. "अगो, भिशीची वही तू लिहितेस ती बघितलीय मी. एका पैशाची खोट नाही. एक एप्रिलपासून ये. अकरा ते पाच."

मॅट्रिकचा दाखला नऊ वर्षं ट्रंकेच्या तळाशी आहे. आज काढून पुसला आणि परत ठेवला.

पण राही? अडीच वर्षांची. हे एस.टी.त कंडक्टर, दिवसाआड देवरूखला मुक्काम. सासूबाई थोरल्या दिरांकडे मुंबईला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "कर की नोकरी. पण पोरीला चांगलं ठिकाण मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर नोकरी नाही." आणि जेवायला बसले. चांगली ठिकाणं जशी काही बाजारात वाट्यावर मिळतात!

यमुनाबाईंना महिनाअखेरीच्या आत हो-नाही सांगायचं आहे.

मंगळवार, ५ मार्च

देवळाच्या सभामंडपातली बालवाडी पाहिली. फुकट आहे. दर्शनाला आल्यासारखी तासभर पायरीवर बसून राहिले. चाळीस मुलं, एक बाई, एक मडकं, एकच पेला. बाईंनी मुलांना हाताची घडी घालायला लावली आणि आपण सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ मुलांच्या खिचडीचे की घरचे? सुपात कळत नाही.

शिवाय एकला सुटते. बाद.

शनिवार, ९ मार्च

सावित्रीबाईंचं पाळणाघर. घरच्या घरीच चालवतात, विधवा बाई. सारवलेलं अंगण, दत्ताची तसबीर, उदबत्ती. महिना चाळीस रुपये. मुद्दाम दुपारी दोनला न कळवता गेले. अकरा मुलं ओळीनं सतरंजीवर झोपलेली! एकही डोळा उघडा नाही.

अकराच्या अकरा? आमची एकटी झोपवताना माझा जीव जातो.

"काही देता का हो झोपायला?"

सावित्रीबाई हसल्या. "देते तर. पोटभर आमटीभात."

मी हसले नाही. पूर्वी मजुरीला जाणाऱ्या बायका पोरांना अफूची गोळी चाटवून जात, हे आमची आई सांगायची. कपाट उघडं होतं, नजर फिरवून घेतली. ग्राइप वॉटरची बाटली, खोबरेल, आणि मुलांच्या कपड्यांचा एकच ढीग. म्हटलं, कुणाचे कुठले कसं ओळखता? "होते कधी अदलाबदल, वैनी. पोरंच ती. आया आपसांत परत करतात."

करतात! जुनं परत करत असतील, नवं नाही.

सोमवार, ११ मार्च

उपास होता. ग्रामदेवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीला दोन बाजूंना फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं — बाये, लेकराला सावित्रीबाईंकडे ठेवायचं असेल तर उजवं दे. उजवं पडलं.

पण फार लवकर पडलं. फूल नीट चिकटवलं होतं का त्यानं? आणि हा गुरव सावित्रीबाईंच्या शेजारीच राहतो हे मला घरी आल्यावर आठवलं.

तरी देवीचा शब्द. परवापासून ठेवून बघते. एप्रिलच्या आधी सवयही होईल.

मंगळवार, १२ मार्च

पाळणाघरासाठी राहीचे चांगले तीन फ्रॉक वेगळे काढले. घरात जुनेपानेच घालते. तिन्हीच्या गळपट्टीला आतून, आणि तीन चड्ड्यांच्या पट्टीला, बिब्ब्यानं 'रा' काढला. माहेरी परीट असंच करायचा. बिब्बा सुईनं टोचायचा, तेल सुटलं की अक्षर काढायचं, वर चुन्याचं बोट फिरवायचं. काळंकुळकुळीत होतं! अंगावर उततो म्हणून आपल्या बोटांना आधी खोबरेल चोळून घेतलं. कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. आता घालून दाखव म्हणावं कुणाच्या पोरीला.

कपडे धुतलेलेच होते, परत साबण कशाला? वाळवून घडी करून ठेवले.

बुधवार, १३ मार्च

सोडून आले. रडली नाही. मलाच कसंसं झालं. रडायला नको होतं का तिनं?

शुक्रवार, १५ मार्च

आज अंघोळ घालताना दिसलं! मानेच्या मागे रुपयाएवढा लाल चट्टा, मध्ये पाण्यानं भरलेले फोड. हात लावू देईना, ओरडली.

मांडीवर घेतलं. विचारलं, "कुणी भाजलं गो?" — "बाई." "कुणी चिमटा काढला?" — "बाई." मग ह्यांनी मध्येच विचारलं, "खाऊ कुणी दिला?" — "बाई." हे म्हणाले, "ती सगळ्यालाच बाई म्हणतेय." तुमचं बरं आहे, मी म्हटलं, तुम्हाला तिकिटं फाडायची, मला पोर सांभाळायची.

अंगारा लावला.

शनिवार, १६ मार्च

सावित्रीबाईंच्या दारात उभी राहून बोलले. आत गेले नाही. म्हटलं, उलथनं लावलंत की पळी? बाईंचा चेहरा उतरला. "वैनी, दत्ताची शपथ. अठरा वर्षं पोरं वाढवतेय. उष्म्यानं आलं असेल." शपथ लगेच घेतली! खऱ्या माणसाला इतक्या लवकर शपथ आठवत नाही.

आगाऊ दिलेल्यातले उरलेले पैसे त्यांनी न मागता हातावर ठेवले. म्हणजे मनात खोट आहेच.

संध्याकाळी नळावर सगळ्यांना सांगितलं. राहीची मान दाखवली. लपवायचं कशाला? दुसऱ्यांच्याही लेकरांचा प्रश्न आहे.

मंगळवार, १९ मार्च

तीन दिवस घरी होती, चट्टा वाळला! हाच पुरावा. आणखी काय पाहिजे?

नळावर कळलं, सावित्रीबाईंकडची सात मुलं आयांनी काढली. देवीनंच माझ्याकडून करवून घेतलं म्हणायचं.

शुक्रवार, २२ मार्च

पाडवा. गुढी उभारली. राहीला परकर-पोलकं घातलं, दिवसभर उड्या मारत होती. नऊ दिवस राहिले.

शनिवार, २३ मार्च

ह्यांच्या गाडीचे ड्रायव्हर अयूबभाई. त्यांची बहीण बिल्किस राजिवड्याला चार मुलं सांभाळते. नवरा कुवेतला. हे म्हणाले, बघून तरी ये. मी म्हटलं, त्यांच्या घरात? तर म्हणाले, "चौदा वर्षं त्याच्या हातात माझा जीव देऊन घाट उतरतोय. त्याच्या बहिणीकडे पोर ठेवायला काय झालं?"

गेले. घर टापटीप. ओटीला आडवी फळी, म्हणजे पोरं रस्त्यावर जाऊ नयेत. चुलीवर मासे शिजत होते. मासे आम्हीही खातो, पण वार पाळतो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डबा तुमचाच द्या, भाभी. पाणीपण तुमचंच द्या. हवा तेवढी आमची चालेल ना?"

जीभ तिखट आहे. गोड बोलणाऱ्या सावित्रीबाईंपेक्षा बरी का वाईट, सांगता येत नाही. पस्तीस रुपये. सावित्रीबाईंपेक्षा पाच कमी का? कमी घेणाऱ्याचीही भीती वाटते.

राही तोवर तिच्या मुलीबरोबर अंगणात भातुकली मांडून बसली होती.

सोमवार, २५ मार्च

सोडली. डबा, पाण्याची बाटली, फ्रॉकचा जोड. पेरूच्या झाडाआडून अर्धा तास पाहिलं. बिल्किस चौघांच्या वेण्या घालत होती, एका मुलाचीसुद्धा! तो खूश.

मंगळवार, २६ मार्च

अजून तरी काही नाही. रोज मान बघते.

बुधवार, २७ मार्च

राही दुसऱ्याच कुणाच्या फ्रॉकमध्ये घरी आली! मऊ, विटका, तिला घोट्यापर्यंत लांब. चड्डीही परकी. अयूबभाईंच्या मुलाबरोबर पाठवली, बिल्किस स्वतः आली नाही. कशी येईल? कपडे काढले तर मानेवर परत तेच, आणि आता कमरेवरही. फोडच फोड. वर खोबरेल थापलेलं. म्हणजे केलं, घाबरली, तेल लावलं आणि झाकायला फ्रॉक बदलला. आणि माझा निळा फ्रॉक गायब!

"कुणी केलं गो? बाईंनी?"

"बाई."

सगळ्या सारख्याच. परक्या हातात मूल द्यायचंच नाही. यमुनाबाईंना नकाराची चिठ्ठी लिहून ठेवली. तीन ओळी लिहायला पाऊण तास लागला. उद्या आधी बिल्किसच्या दारात जाते, मग चिठ्ठी देते.

गुरुवार, २८ मार्च

मी तोंड उघडायच्या आत बिल्किसने निळा फ्रॉक समोर धरला, चिमटीत, लांबून. गळपट्टी उलटली. काळा 'रा'. मग स्वतःची दोन बोटं दाखवली. दोन्हीवर फोड. "एकदा धुतला, भाभी, तर माझी ही गत. पोरीच्या मानेला दिवसभर बिब्बा बांधलाय. ही अक्कल कुणाची?"

"माझी," म्हटलं.

घरी येऊन तिन्ही फ्रॉक, तिन्ही चड्ड्या चुलीत घातल्या. नकाराची चिठ्ठीही. राहीला जवळ घेतलं आणि परत विचारलं, कुणी केलं गो? "बाई." म्हटलं, नाही गो, आई. म्हण, आई. ती हसली आणि म्हणाली, "बाई." शिकवलं ते पक्कं बसलंय.

देवीनं उजवंच दिलं होतं.

संध्याकाळी नळावर सगळ्या असतील. तिथं सांगायचं, मग सावित्रीबाईंकडे. ह्या वेळी दारात उभं राहून चालणार नाही. आत जायचं.