दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

प्रिय ठोक्या,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. मागे माझं नाव मुद्दाम घातलं नाही, पण अक्षर काही लपवता आलं नाही. नऊ वर्षांनी ताईला आत्ताच कुठून पत्राची उबळ आली, असं तुला वाटत असेल. खरं सांगायचं तर मलाही ते धड सांगता येत नाहीये. गेले चार दिवस डोक्यात नुसता गोंधळ चाललाय आणि असा गोंधळ झाला की लहानपणापासून मी एकाच माणसाला समोर बसवून त्याचं डोकं खात आले. तेव्हा बस. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तर, मी कॉन्सर्टला गेले होते. आपल्या बँडच्या. आता थांबतोय असं त्यांनी जाहीर केलेलं तू वाचलं असशीलच, आणि वाचून पेपर उलटून ठेवला असशील. मीही तेच केलं होतं. मग आठ दिवसांनी गुपचूप तिकीट काढलं. रविवारी तीनला दारं उघडणार होती, मी साडेअकरालाच रांगेत हजर. अंगात तोच काळा टीशर्ट, ज्याच्यावरच्या चित्राला आता भेगा पडल्यात आणि जो पोटावर असा बसतो की श्वास घेताना विचार करावा लागतो. रांगेत माझ्यापुढे एक चष्मेवाला होता. त्याने अगदी आदराने विचारलं, काकू, मुलांसाठी जागा धरताय का? मी म्हटलं, हो बाबा, एकच मुलगी आहे, चोपन्न वर्षांची आहे आणि जाम हट्टी आहे. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग मात्र दारं उघडल्यावर त्यानेच माझी पिशवी धरली आणि मी पळाले. पळाले म्हणजे खरोखर पळाले, गुडघ्यांना काय वाटेल याचा विचार न करता. आणि मिळाली आपली जागा! डावीकडची, अगदी कठड्याला टेकून, बगळ्याच्या समोर.

बगळा आता दोन्ही पायांवर उभा राहतो. गिटार घेऊन एक पाय वर करायची ती सवय संपली, बहुतेक डॉक्टरांनी बंद केली. तरी चौथ्या गाण्यात त्याचा डावा पाय चार बोटं उचलला गेला आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या दोघी दचकल्या. खांब मात्र तसाच. दोन तास बेस गिटार वाजवून माणूस तसूभरही हलला नाही. ड्रमवर आजोबा. आपण त्यांना आजोबा म्हणायला लागलो तेव्हा ते तिशीतले होते आणि नुसती दाढी होती, आता सगळंच जमून आलंय. राणीसाहेबांचा आवाज खाली उतरलाय, गाणी दोन सूर खालून म्हणतात. तू असतास तर पहिल्याच ओळीला माझ्याकडे बघून भुवई उडवली असतीस. पण आजोबांचा पहिला ठोका छातीत बसला ना, तेव्हा मी रडले. सरळच सांगते, भोकाड पसरलं. आनंदाने की कशाने ते तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. चष्मेवाल्याने रुमाल दिला. तो अजून माझ्याकडेच आहे, धुऊन ठेवलाय.

आता ज्यावरून हे सगळं सुरू झालं ते सांगते. साडेसहाला, ऊन उतरत असताना, राणीसाहेबांनी दोन बोटं वर केली, मग तीन. दुसऱ्या बाजूचं तिसरं! कॅसेटची ती बाजू आपण इतकी वाजवली होती की तिसऱ्या गाण्यापर्यंत येता येता टेपला घरघर लागायची. आणि माझ्या हाताने आपोआप पिशवीतून फोन काढला. तुला आठवतंय ना, हे कसं सुरू झालं ते? तू शाळेत होतास, पाय मोडून घरी पडला होतास. मी एकटीच गेले आणि हे गाणं सुरू झाल्यावर धावत फाटकाजवळच्या नाण्याच्या फोनपाशी जाऊन घरी फोन लावला आणि रिसीव्हर हवेत धरला. तू तिकडून एवढ्या मोठ्याने ओरडत राहिलास की मी सारखा रिसीव्हर कानाला लावत बसले, आणि शेवटी गाणं ना धड तू ऐकलंस ना धड मी. तेव्हाच नियम झाला. जो जाईल त्याने फोन लावायचा, घरी असेल त्याने उचलायचा आणि गाणं संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. संपलं की ठेवून द्यायचा. तू बँडच्या दौऱ्यांवर आवाजाचा मिक्सर सांभाळायला लागलास तरी आपण हा नियम कधी मोडला नाही.

तर मी तुझा नंबर लावला. मावशीकडून सहा वर्षांपूर्वी घेतला होता आणि एकदाही लावला नव्हता. हात वर धरला. पडद्यावर सेकंद पळायला लागले, म्हणजे कुणीतरी उचलला. आणि कुणी ठेवला नाही. तुला माहीत आहे, या गाण्यात मधेच सगळं थांबतं, नवखे लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात, आणि मग खांब एकटा परत सुरू करतो. त्या थांब्यालाही सेकंद पळतच होते. शेवटी खरंच संपलं, मी फोन कानाला लावला. काही नाही. दोन-तीन सेकंद तसेच गेले आणि मग पलीकडून ठेवला गेला.

तेव्हापासून मी वेड्यासारखी विचार करतेय. तू होतास का? तू असशील तर तो आपला नियम होता की माझ्याशी बोलायचंच नाही म्हणून गप्प होतास? दोन्हींचा आवाज सारखाच, मी कसं ओळखायचं? की तुझ्या बायकोने उचलला, हा काय कालवा म्हणून ऐकत राहिली? की फोन तुझ्या खिशात आपोआपच उचलला गेला आणि तू शाळेची बस धूत होतास? मावशी सांगते, चाळीस पोरांचा आरडाओरडा घेऊन तू रोज बस चालवतोस आणि एकालाही गप्प बस म्हणत नाहीस. कुणी विचारलं तर म्हणतोस, माझे कान गेलेत, मला काय त्रास होणार. मावशी हे हसत सांगते. मला हसू येत नाही.

कान गेलेत हे तुला मी सांगितलं. त्या सकाळचं आपण कधी बोललोच नाही, बोलायला तू राहिलासच कुठे. आपल्याच बँडचा दोन वर्षांचा दौरा, मिक्सरवर तू. आजवर ज्यांच्यापुढे कठड्याला लटकलो त्यांचा आवाज तुझ्या बोटांखाली येणार होता. त्यांना फक्त कानांचा रिपोर्ट हवा होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी म्हटलं, घरची ताई कानच तपासते, दुसरीकडे कशाला जायचं. आदल्या संध्याकाळी त्यांचाच कॉन्सर्ट झाला होता. तू प्रेक्षक म्हणून शेवटचा आला होतास, पुढच्या वेळी आपण पलीकडच्या बाजूला असणार म्हणत होतास. आपण दोघं स्पीकरच्या पुढ्यात तीन तास नाचलो, कानात बोळे न घालता. बोळे घालून आपला बँड ऐकायचा म्हणजे छत्री धरून पोहायचं, असं मीच म्हणाले होते, आणि हेच बोळे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोंबते! सकाळी तुला त्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. बारीक आवाजांना तू बटण दाबलंच नाहीस. आलेखात उंच स्वरांपाशी हा एवढा खड्डा. तू म्हणालास, ताई, दोन दिवस थांब, परत बघ. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. भाऊ आहे म्हणून खोटं लिहिणार नाही म्हटलं, आणि ते म्हणताना स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता मला! रिपोर्ट गेला. दौऱ्यावर दुसराच कुणी गेला. ज्यांच्यावरून तुझं नाव ठोक्या पडलं त्या ड्रमच्या काठ्यासुद्धा तू माझ्याकडे ठेवून गाव सोडलंस, आणि त्यानंतर नऊ वर्षं मीही कुठल्या कॉन्सर्टला गेले नाही.

म्हणूनच हे मला इतकी वर्षं दिसलं नाही. सोमवारी सकाळी दवाखान्यात गेले. आमच्याकडे गेली काही वर्षं रोज दार उघडण्याआधी यंत्र नीट आहे ना हे बघायला आम्ही एकमेकींचे कान तपासतो. माझ्याबरोबरच्या बाईंना माझा आलेख पाठ आहे. त्या दिवशी बाई बाहेर आल्या त्या कपाळाला हात लावून. यंत्र बिघडलं म्हणाल्या, दुरुस्तीवाल्याला फोन करायला निघाल्या. मी कागद बघितला. उंच स्वरांपाशी खड्डा होता, ठोक्या. मी खणातून तुझा जुना कागद काढला, तो मी टाकलेला नाही, आणि दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीला धरले. खड्ड्यावर खड्डा. बुधवारी परत बघितलं तर माझा खड्डा भरून आला होता. यंत्र आपोआप सुधारलं म्हणून बाई खूश.

येणाऱ्या प्रत्येकाला खुर्चीवर बसण्याआधी मी एक प्रश्न विचारते, गेली सव्वीस वर्षं. गेल्या दोन दिवसांत मोठा आवाज ऐकलात का? हो म्हणाले तर परत पाठवते, दोन दिवसांनी या सांगते, कारण मोठ्या आवाजाने चांगले कानही दोन दिवस बधिर होतात. तो तुला मी विचारला नाही. उत्तर मला माहीत होतं ना, मी तुझ्या शेजारीच नाचत होते. ज्याचं उत्तर माहीत आहे ते कशाला विचारायचं, एवढंच डोक्यात आलं असेल, किंवा तेवढंही आलं नसेल. माझेही कान त्या सकाळी गुणगुणत होते आणि मी मजेत होते. आता मला काहीच कळत नाही. तुझा खड्डा माझ्यासारखाच भरून आला असेल, तर तू नऊ वर्षं चांगले कान घेऊन बस चालवतोयस आणि ते माझ्यामुळे. तो खराच असेल, तर मी बरोबर होते, पण नुसत्या नशिबाने. यातलं काय निघावं अशी इच्छा धरायची? रात्रंदिवस ठरवतेय, ठरत नाही. तुझे कान चांगले निघावेत असंच वाटतं, मग मला तोंड लपवायला जागा उरली नाही तरी चालेल. माफ कर एवढं लिहायला चार पानं लागली. तू ये, म्हणजे मी परत तपासते. माझ्यावर विश्वास नसेल तर बाई तपासतील, मी बाहेर बसेन. शुक्रवारी पोरांना सोडलंस की शनिवार-रविवार कुठलाही गोंगाट नको, आणि सोमवारी सकाळी ये. या वेळी मी प्रश्न विचारणार आहे. आत्ताच विचारून ठेवते, म्हणजे परत राहायला नको. गेल्या काही दिवसांत, विशेषतः रविवारी साडेसहाला, फोनवर वगैरे, मोठा आवाज ऐकलास का रे?

तुझ्या काठ्या सांभाळून बसलेली, तुझीच,
ताई