डाव्या हाताचा ग्लोव्ह

१७ मार्च, सोमवार
मोहाची फुलं पडायला लागली. पहाटे आईबरोबर एक टोपली. मग सायकलने आरमोरी, ग्राउंड. ८०० मीटरला दम लागला, गोळा बरा गेला. पोलीस भरतीची मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात.
दुपारी सरांचा फोन. आश्रमशाळेतले आमचे बॉक्सिंगचे सर, हल्ली फक्त माझ्या मैत्रिणीचे, ज्योत्स्नाचे. "सुमे, आठ दिवस चंद्रपूरले ये. ज्योत्स्नाले सरावाले डावरी पोरगी पायजे. मागच्या सालची चॅम्पियन डावरी आहे, फायनलले तीच येईन." म्हटलं, मोहाचे दिवस आहेत सर, भरतीपण आहे.
दोन्ही खरं. पण कारण ते नाही, हे इथे तरी लिहिते. गेल्या वर्षी ४८ किलोच्या निवडीत ज्यो.ने मला ३-२ ने हरवलं. आता तिचे ठोसे खायला मी चंद्रपूरला जायचं, आणि देशभर नाव तिचं. नाही जाणार.

१८ मार्च
ज्यो.चा फोन. उचलला नाही. मग मेसेज: "ये ना वं." उत्तर दिलं नाही.
कोठीवर जुना ग्लोव्ह सापडला. शाळेत पोरी जास्त, ग्लोव्ह कमी. आम्हा दोघींत एक जोडी. उजवा तिचा, डावा माझा, सहा वर्षं. नाड्या एकमेकींच्या बांधायचो. जेवते मी उजव्यानेच, पण रिंगमध्ये डावखुरी झाले ती अशी. शाळा सुटताना सरांनी ती फाटकी जोडी आम्हालाच दिली, एकेक घेऊन घरी आलो.
तिने तिचा केव्हाच फेकला असेल. तिला काय कमी आहे आता.

२४ मार्च, सोमवार
राष्ट्रीय स्पर्धा सुरू. ज्यो. पहिली लढत जिंकली, ५-०. गावाच्या ग्रुपवर तिचेच फोटो. मी जिल्ह्यात सुवर्ण आणलं तेव्हा हा ग्रुप नव्हता वाटतं.
८०० मीटर नीट नाही.

२७ मार्च, गुरुवार
सेमीही जिंकली. पानठेल्यावरचे बंडूभाऊ मलाच म्हणतात, "तुही मैतरीण निघाली ना बाप्पा. तू काऊन सोडलं खेळणं?" मी म्हटलं, चुना जास्त झाला भाऊ. ते पानाकडे बघत राहिले.
उद्या फायनल. समोर तीच डावखुरी. सर बरोबर बोलले होते.

२८ मार्च
सगळं आठवतंय तोवर लिहून काढते.
संध्याकाळी समाजमंदिरात टीव्ही लावला, सरपंचांच्या पोराचा फोन त्याला जोडून. अख्खं गाव आलं. ज्यो.ची आई फुलाबाई पुढे, पदर तोंडात. मी मागे, खांबाला टेकून. जायचं नव्हतं, पण गेले.
पहिला राउंड ज्यो.चा नव्हताच. समोरचीचा डावा हात येतच होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भुवईखाली फुगलं. म्हातारे चुकचुकत होते. "लपून राह्यली पोरगी," कोणी म्हणालं. मला काय वाटलं? बरं वाटलं. लिहिलं, आता खोडणार नाही.
दुसऱ्यातही तसंच सुरू झालं. ती सरळ समोर उभी राहत होती, डावखुरीसमोर असं उभं राहायचं नसतं. तिला हे माहीत आहे. माझ्यासमोर सहा वर्षं शिकली आहे. आणि मी ओरडले, "पाय बाहेर! डावा पाय बाहेर घे!" सगळे वळून बघायला लागले. माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. तिला ऐकू जाणं शक्य नाही, पण थोड्या वेळाने तिने घेतला. पाय बाहेर, आणि उजवा सरळ हनुवटीवर. तो ठोसा मी किती वेळा खाल्लाय. माझ्या जबड्यावर घोटलेला आहे तो. गाव नाचायला लागलं आणि मला वाटलं माझी वस्तू कुणीतरी उचलून नेली.
तिसऱ्यात दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. शेवटी दोघी हात खाली टाकून उभ्या. पंच दोघींची मनगटं धरून मधे, आणि नेटवर्क गेलं. चक्री फिरत राहिली. टीव्हीला चापट्या मारून झाल्या. माझं सिम दुसऱ्या कंपनीचं, माझ्याकडे दोन काड्या होत्या. सगळे माझ्याकडे वळले.
लावलं. हात ज्यो.चा वर गेला. ३-२.
मी काही बोलले नाही. किती वेळ, कोण जाणे. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. "हरली वाटते," कोणी म्हणालं. बायका हळहळल्या, एक म्हातारा घोंगडी गोळा करायला लागला. फुलाबाई उठून आली, माझ्या हातातला फोन घेऊन डोळ्यांजवळ धरला. "हात तं माह्या पोरीचा वर आहे." मग माझ्याकडे बघून, हळूच: "मंग तुहं तोंड असं काऊन, सुमे?"
ते कोणी ऐकलं नाही, ढोल सुरू झाला होता.

२९ मार्च
पेपरात मुलाखत. डावखुऱ्या खेळाडूला कसं हरवलंत? ज्यो. म्हणते, खूप सराव केला. बस. कुणाबरोबर ते नाही.
तीनदा वाचलं. माझं नाव असतं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, आणि नाही तर त्याचाही राग.

३१ मार्च
फुलाबाईला टाळते. हातपंपावर दिसली तर गुंडी रिकामीच घेऊन परत आले. आई म्हणे, "पाणी कुठी आहे?"
तिने कुणाला सांगितलं असेल?

२ एप्रिल, बुधवार
मिरवणूक. ज्यो. ट्रॅक्टरवर, डोळा अजून काळानिळा. हार, गुलाल, सरपंचांचं भाषण. फुलाबाईने ओवाळणीचं ताट माझ्याच हातात दिलं. शिक्षा की काय समजेना. कुंकू लावताना ज्यो. म्हणाली, "सकाळी मोहाले येतो." मी मान हलवली.

३ एप्रिल
आली. आमच्या झाडाखाली, पहाटे, पदक वगैरे घरी ठेवून. टोपली घेऊन माझ्या बाजूला बसली. दोघी वेचायला लागलो.
मग म्हणाली, "पेपरात तुहं नाव नाई घेतलं. मले राग होता. तू आली नाई."
मी म्हटलं, "बरोबर केलं."
"आईनं सांगतलं मले."
माझा हात फुलांवरच थांबला. "काय सांगतलं?"
"तू ओरडत होती म्हून. पाय बाहेर, पाय बाहेर. सगळं गाव पाहून राह्यलं होतं म्हने तुह्याकडे."
"अन् आणखी?"
"आणखी काय?"
फुलाबाईने एवढंच सांगितलं होतं. उरलेलं सांगायला मीच होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, मोह लवकर संपेल यंदा.
टोपली भरल्यावर तिने सांगितलं, एकवीस तारखेपासून भारताच्या संघाचं शिबिर. तिथेही डावऱ्या आहेत. "सर म्हनतात, सोबतीले एक पोरगी नेता येते. येतेस?" माझी मैदानी बावीसला.
सांगते म्हटलं.
जाताना म्हणाली, "माहा उजवा अजून आहे. तुहा?"
घरी येऊन डावा काढला, उन्हात झटकला. एक विंचवाचं पिल्लू निघालं. घालून पाहिला, बसतो. नाडी एका हाताने बांधता येईना, दातानेही. आईला हाक मारली. तिला ती गाठ येत नाही. म्हणाली, "अर्धीच बसली, सुटन."
म्हटलं, राहू दे. तसाच घालून बसले आहे, उजव्या हाताने लिहिते आहे.